विम्बल्डनच्या निकालातली एक ओळ

(द्वितीय वर्ष, कला)

संस्कृतच्या तासाला अर्वाचीन संस्कृत कवींची ओळख चालू होती. पंडिता क्षमा राव यांचे नाव आणि ग्रंथांची यादी फळ्यावर लिहून झाल्यावर मॅडम जाता जाता म्हणाल्या, "आणि बरं का, यांची मुलगी विम्बल्डनला खेळली होती." मागच्या बाकावर थोडा हशा झाला आणि तास पुढे गेला. परीक्षेच्या दृष्टीने त्या वाक्याला काहीच महत्त्व नव्हते. माझ्या वहीच्या समासात मात्र तेवढेच वाक्य लिहिलेले राहिले. संस्कृत श्लोक रचणाऱ्या बाई आणि टेनिसची रॅकेट हातात घेतलेली त्यांची मुलगी, ही दोन चित्रे एका घरात बसवता येईनात. प्रस्तुत लेख त्या वाक्याच्या मागे लागून जमवलेल्या माहितीचा आहे.

आधी एक कबुली देते. टेनिस मी कधी खेळलेले नाही. कर्वेनगरात आमच्या घराकडून कॉलेजला येताना वाटेत एका सोसायटीचे टेनिस कोर्ट लागते. त्याला उंच हिरव्या जाळीचे कुंपण आहे. कधी आतला चेंडू रस्त्यावर आला तर तो उचलून जाळीवरून आत फेकायचा, एवढाच माझा या खेळातला सहभाग. दहावीपर्यंत मी खो-खो खेळले. तेव्हा खेळातले मला थोडेफार कळते असे मी समजत होते. टेनिसच्या निकालांचे तक्ते समोर आले तेव्हा लक्षात आले, की नुसते आकडे वाचता येणे म्हणजे निकाल वाचता येणे नव्हे.

विम्बल्डन हे लंडनचे उपनगर. तेथील ऑल इंग्लंड क्लब मूळचा क्रोके या खेळाचा. हिरवळ दाबण्याचा घोड्याने ओढायचा रूळ मोडला होता आणि त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून १८७७ साली क्लबाने टेनिसची स्पर्धा भरवली, असे सांगतात. २२ पुरुषांनी भाग घेतला आणि स्पेन्सर गोर विजेता ठरला. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १८८४ साली. त्या वर्षी १३ जणी उतरल्या आणि अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला. मॉड वॉटसनने लिलियनला हरवले. सख्ख्या बहिणींचा असा अंतिम सामना तेथे पुन्हा पाहायला मिळण्यासाठी २००२ साल उजाडावे लागले. त्या दोघींविषयी पुढे येणारच आहे.

हा खेळ मुळात हिरवळीचा. गवत कापण्याचे यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली काढले आणि पुढे उसळणारे रबरी चेंडू बनू लागले. या दोन गोष्टी नसत्या तर लॉन टेनिस जन्माला आलेच नसते. जगातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन एकेकाळी गवतावरच होत. अमेरिकेने १९७४ नंतर आणि ऑस्ट्रेलियाने १९८७ नंतर गवत सोडले. आता गवतावर उरली आहे ती एकटी विम्बल्डन. तेथले गवत हरळीचे नव्हे, राय नावाच्या जातीचे असते आणि ते आठ मिलिमीटर उंचीवर कापतात. गवतावर टप्पा पडलेला चेंडू फार उसळत नाही, घसरून पुढे येतो. त्यामुळे विचार करायला वेळ कमी मिळतो, गुडघे वाकवून खाली जावे लागते आणि हलक्या हाताच्या, नजरेच्या खेळाडूला फायदा होतो. पंधरा दिवसांच्या खेळानंतर मागच्या रेषेजवळची हिरवळ झिजून माती दिसू लागते. पूर्वी खेळाडू सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धावत, तेव्हा जाळ्याकडे जाणारी पायवाटच कोर्टावर उमटे. म्हणजे खेळ कसा बदलला हे कोर्टाच्या गवतावरूनही सांगता येते.

आता निकाल कसा लिहितात ते. पुरुषांच्या सामन्यात पाचांपैकी तीन सेट जिंकावे लागतात, स्त्रियांच्या सामन्यात तिनांपैकी दोन. सेट सहा गेमचा. पण दोन गेमची आघाडी हवी, नाही तर खेळ लांबतो. १९७१ साली टायब्रेक येईपर्यंत त्याला कोठे अंतच नव्हता. पाचव्या म्हणजे शेवटच्या सेटला तर टायब्रेक २०१९ पर्यंत नव्हताच. म्हणूनच २०१० साली इस्नर आणि माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटे चालला आणि शेवटचा सेट ७०-६८ असा सुटला! निकालपत्रात मात्र त्यालाही इतर सामन्यांसारखी एकच ओळ मिळाली.

मी ज्या ओळीच्या शोधात होते ती १९३४ सालची. त्या वर्षी पुरुषांत फ्रेड पेरी आणि स्त्रियांत डोरोथी राउंड जिंकले. दोघेही इंग्रज, त्यामुळे त्या देशात त्याचे मोठे कौतुक झाले. त्याच स्पर्धेत स्त्रियांच्या एकेरीत पहिल्या फेरीत लीला राव यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना हरवले. विम्बल्डनला सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून त्या हरल्या. पुढच्या वर्षी, १९३५ साली, त्या पुन्हा गेल्या आणि पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांच्याकडून हरल्या. एक विजय आणि दोन पराभव, एवढाच हा हिशेब. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी लेख कशाला? मलाही आरंभी तसेच वाटले होते.

लीला राव यांचा जन्म डिसेंबर १९११ चा. म्हणजे हा सामना त्या बावीस वर्षांच्या असताना खेळल्या. वडील डॉ. राघवेंद्र राव मुंबईचे नामांकित डॉक्टर. आई क्षमा यांचा जन्म १८९० साली आपल्या पुण्यातच झाला. 'सत्याग्रहगीता' हे त्यांचे गांधीजींच्या लढ्यावरचे संस्कृत काव्य, भगवद्गीतेच्या धर्तीवर अठरा अध्यायांचे. ते १९३२ साली छापले गेले ते पॅरिसला, कारण इंग्रजी अमलात येथे छापणे धोक्याचे होते. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात काव्यरूपाने लिहिली. या बाई स्वतः टेनिस खेळत आणि स्पर्धांत उतरत. म्हणजे मुलीच्या हातात रॅकेट आली ती आईचे पाहून. मी एका घरात बसवू पाहत होते ती दोन चित्रे मुळात दोन नव्हतीच.

आणखी एक पिढी मागे गेले की शंकर पांडुरंग पंडित भेटतात. हे क्षमाबाईंचे वडील. अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती, कालिदासाच्या ग्रंथांचे संपादन अशी त्यांची कामगिरी ग्रंथालयात सापडते. पण मी थबकले ती दुसऱ्याच नोंदीपाशी. तुकोबांच्या गाथेची १८६९ ते १८७३ या काळात निघालेली 'इंदुप्रकाश' छापखान्याची प्रसिद्ध आवृत्ती त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली. हस्तलिखिते जमवून, पाठ ताडून पाहून. आमचे दादा गवंडीकाम करतात आणि आषाढात जमेल तितके दिवस वारीत चालतात. त्यांना वाचता येत नाही. अभंग पाठ आहेत. विम्बल्डनला सामना जिंकलेल्या बाईंचे आजोबा कोण, हे मी त्यांना सांगितले तेव्हा खेळाचे त्यांना काही कळले नाही. "गाथेचं काम केलं त्यांनी?" एवढेच त्यांनी दोनदा विचारले.

शंकर पंडित १८९४ साली वारले, तेव्हा क्षमा जेमतेम चार वर्षांच्या. त्यांनी मुलीला स्वतः शिकवले असणे शक्य नाही. पण घरात काय घडले होते याची आठवण राहिली. मोठेपणी मुलीने वडिलांचे चरित्रही संस्कृतात रचले. तेव्हा १९३४ च्या त्या एका ओळीमागे आजोबांची विद्या, वडिलांची मिळकत, आईचा खेळ आणि मुंबईसारख्या शहरातली मैदाने एवढे सगळे उभे आहे. लंडनपर्यंतचा बोटीचा प्रवासच त्या काळी किती दिवसांचा आणि किती खर्चाचा! त्याच सुमारास आमच्या या हिंगण्याच्या माळावर काय चालले होते ते येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. महर्षी कर्व्यांनी १९०० साली येथे झोपडी बांधून विधवांची शाळा आणली, तेव्हा मुलीने अक्षर ओळखावे की नाही हाच अजून वादाचा प्रश्न होता. लीला राव यांचा सामना त्यानंतर अवघ्या ३४ वर्षांनी झाला. एवढ्या अवधीत एका घरातली मुलगी विम्बल्डनला पोहोचते आणि दुसऱ्या घरांतल्या मुली अजून शाळेच्या उंबऱ्याशी असतात, हे दोन्ही खरे आहे.

हा धागा हाती लागल्यावर मी विम्बल्डनमधले इतर भारतीय निकाल त्याच नजरेने पाहिले. १९३९ साली गौस महंमद उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय ठरले आणि त्या वर्षीच्या विजेत्या बॉबी रिग्जकडून २-६, २-६, २-६ असे हरले. त्यांच्या घराविषयी मला फारसे मिळाले नाही, म्हणून पुढे जाते. रामनाथन कृष्णन १९५४ साली मुलांच्या गटात विजयी झाले, १९६० आणि १९६१ साली उपान्त्य फेरीत पोहोचले. १९६१ साली तर त्यांनी रॉय इमर्सनला ६-१, ६-४, ६-४ असे सरळ हरवले. त्यांचे गुरू त्यांचे वडील. १९७९ साली मुलांचे विजेतेपद रमेश कृष्णनला मिळाले. त्याचे वडील हेच रामनाथन. लिएंडर पेस १९९० चा मुलांचा विजेता. वडील ऑलिंपिकमधले हॉकीपटू, आई बास्केटबॉलची कर्णधार. महेश भूपतीला आणि सानिया मिर्झाला घडवले ते त्यांच्या वडिलांनी. १९९९ साली पेस व भूपती यांनी पुरुष दुहेरीचे आणि २०१५ साली सानियाने मार्टिना हिंगिसबरोबर स्त्रियांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. विजय अमृतराज १९८१ साली जिमी कॉनर्सविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून २-६, ५-७, ६-४, ६-३, ६-२ असा हरला, हे जुनी माणसे अजून हळहळून सांगतात. त्याच्या आईने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवून तिन्ही मुलांना खेळवले.

एक उलटे उदाहरणही आपल्या महाराष्ट्रातले. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसपटू होते. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते याच रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली क्वालालंपूरला परदेशातले विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांचा मुलगा गौरव मात्र टेनिसमध्येच चमकला. बापाचा सोडलेला खेळ मुलाने उचलला!

एवढे वाचल्यावर माझे मन थोडे खट्टू झाले, हे लपवत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आई चौथीपर्यंत शिकली. इथल्या चार घरी पोळ्या करते. निकाल जर आधीच्या पिढीतच लिहिला जात असेल, तर जिच्या मागे कोणी नाही तिने तक्ता वाचायचा कशासाठी? आमच्या खो-खो संघातली सर्वांत चपळ मुलगी मी नव्हते. जी होती तिचे बारावीनंतर लग्न झाले. खांबाजवळ तिला शिवता आले असेल अशी आक्रमक खेळाडू मी तालुक्याच्या स्पर्धेत पाहिली नाही. तिच्या वळणाला आम्ही सगळ्याच फसत असू. तिच्या नावाची ओळ कोणत्याच तक्त्यात नाही.

म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या बाजूची नावे शोधली. अल्थिया गिब्सन ही अमेरिकेतल्या कापसाच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातली मुलगी. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या रस्त्यावर लाकडी फळीने खेळायला शिकली. काळ्या माणसांना अनेक क्लबांची दारे बंद होती. १९५७ साली तिने विम्बल्डनचा अंतिम सामना ६-३, ६-२ असा जिंकला. विल्यम्स भगिनींचे वडील टेनिसपटू नव्हते. त्यांनी स्वतः आधी खेळ शिकून घेतला आणि सार्वजनिक कोर्टांवर मुलींना शिकवले. व्हीनस पाच वेळा आणि सेरेना सात वेळा एकेरीची विजेती झाली, आणि १८८४ नंतरचा बहिणींचा तो दुसरा अंतिम सामना त्यांचाच. स्त्रियांना पुरुषांइतकीच बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून व्हीनसने २००६ साली वर्तमानपत्रात जाहीर लिहिले आणि २००७ पासून ती मिळू लागली. १९६८ साली पहिल्यांदा बक्षिसे रोख दिली गेली तेव्हा पुरुष विजेत्याला २,००० पौंड आणि स्त्रीला ७५० पौंड होते.

पण मला सर्वांत जवळची वाटली ती इव्हॉन गूलागॉंग. ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या आदिवासी समाजातली, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्याची मुलगी. बॅरेलन नावाच्या लहानशा गावात टेनिसच्या कोर्टाच्या कुंपणातून ती आत टक लावून पाहत उभी असे. बिल कर्ट्झमन नावाच्या गावकऱ्याने ते पाहिले आणि तिला आत येऊन खेळ म्हटले. १९७१ साली तिने आपल्याच देशाच्या मार्गारेट कोर्टला ६-४, ६-१ असे हरवून विम्बल्डन जिंकले. १९८० साली, एका मुलीची आई झाल्यावर, पुन्हा जिंकले. कर्ट्झमनचे नाव निकालात नाही. पण तो त्या दिवशी कुंपणाकडे न पाहता गेला असता, तर निकालही नसता. कुंपणापलीकडून चेंडू परत फेकणाऱ्या मुलीने हे वाचल्यावर तिला काय वाटले ते मी येथे लिहीत नाही.

इव्हॉनच्या या दोन विजयांची क्लबातल्या विजेत्यांच्या फलकावरची नोंद मात्र पाहण्यासारखी आहे. १९७१ च्या ओळीत 'मिस गूलागॉंग' आणि १९८० च्या ओळीत 'मिसेस कॉली', तेही नवऱ्याच्या आद्याक्षरांनिशी. न सांगितल्यास या दोन वेगळ्या बायका वाटाव्यात. बिली जीन किंग फलकावर 'मिसेस एल. डब्ल्यू. किंग' होती; एल. म्हणजे लॅरी, तिचा नवरा. ख्रिस एव्हर्ट १९८१ साली 'मिसेस जे. एम. लॉइड' झाली. लॉइड कोर्टावर नव्हता! पुरुषांच्या फलकावर नुसती आद्याक्षरे आणि आडनाव; तो विवाहित की अविवाहित याची उठाठेव तेथे नाही. २०२२ साली क्लबाने स्त्रियांच्या नावामागचे मिस आणि मिसेस काढून टाकले. १८८४ पासून मोजले तर १३८ वर्षे लागली.

इंग्रजांना हसणे सोपे आहे. आपल्याकडे क्षमा पंडितांच्या क्षमा राव झाल्या आणि लीला राव हरीश्वर दयाळ यांच्याशी विवाह झाल्यावर लीला राव दयाळ झाल्या; हे दयाळ पुढे नेपाळात भारताचे राजदूत होते. लीलाबाईंनी राव हे नाव सोडले नाही, एवढे लक्षात घ्यावे. त्यांनी पुढे नृत्यशास्त्रावर लिहिले, आईच्या कथांची संस्कृत नाटके केली. महर्षी कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. आमच्या संघातली ती चपळ मुलगी आता आधार कार्डावर पहिल्या नावासकट बदलली आहे, त्यामुळे तिचे जुने प्रमाणपत्र तिचेच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागेल.

जाता जाता आपल्या याच अंकाचे जुने खंड ग्रंथालयात चाळून पाहावेत. लेखांच्या अनुक्रमणिकेत मुलांची नावे तशीच आहेत आणि प्रत्येक मुलीच्या नावामागे 'कु.' आहे. क्वचित कोठे 'सौ.'. माझ्या लेखाखाली नाव 'कु.' न लावता छापावे आणि मधले नाव वडिलांबरोबर आईचेही घालावे, अशी विनंती मी संपादक मंडळाकडे लेखी दिली आहे. 'जागा पाहून ठरवू' असे त्यांनी कळवले आहे.